ओट्याची उंची

पहाटे साडेपाच. चूल सध्या पडवीत आहे, तीन विटांची, वाऱ्याला पत्र्याचा आडोसा. स्वयंपाकघर फोडलं म्हणून खाणारी तोंडं कमी होत नाहीत. उलट मिस्त्री आणि बिगारी धरून वाढतात. सासूबाई भाकऱ्या थापतात, मी भाजते. बटाट्याची भाजी आणि चटणी. फोडाफोडीच्या दिवसांत याहून जास्त कुणी मागू नये.

सात. भाऊजी डोंबिवलीहून रात्रीच खोपोली गाडीने केळवलीला उतरले. ते आणि आमचे हे मिळून भिंतीच्या जुन्या टाइल्स काढतात, घमेल्याने राडा बाहेर नेतात. मजुरी वाचवायची तर इथेच वाचते. वायरिंग वायरमनचं आणि गॅसची नळी एजन्सीच्या माणसाची, त्यात घरच्यांनी हात घालायचा नाही, हे आधीच ठरलंय. भाऊजींना तेही येतं असं वाटतं, पण ते असो.

नऊ. मिस्त्री भिंतीवर खडूने रेघ मारायला निघाले आणि काम थांबलं.

जुना ओटा या घरात गॅसबरोबर आला. त्याआधी सासूबाई चुलीपुढे बसूनच रांधायच्या. तो ओटा बांधणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने बांधला, आणि त्या चार फूट दहा इंचांच्या. पुढची सगळी वर्षं लाकडी पाटावर चढून त्यांनी पोळ्या केल्या. पाट सरकला की तोल जायचा. घरातल्या कुणालाही, कबूल करते मलासुद्धा, यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"आम्ही सगळीकडं चौतीस इंच घेतो, ताई," मिस्त्री म्हणाले. "कर्जतकडच्या फार्महाऊसला पण चौतीसच."

"तिथं ओट्यापाशी उभं कोण राहतं, ते विचारलंत का?" सासूबाई.

मग टेप निघाला. अनवाणी उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चारेक इंच वजा करायचे. चिरायला, मळायला ती उंची बरी पडते. सासूबाईंचं कोपर ३६ इंचांवर, माझं ४१ वर. म्हणजे त्यांना ३२ हवेत, मला ३७. आणि मिस्त्रींचे ३४ दोघींनाही गैरसोयीचे. त्यात शेगडीची स्वतःची उंची, वर पातेलं. ढवळताना खांदा उचलावा लागतो तो त्यामुळे.

ठरलं असं: शेगडीची बाजू ३० इंच, बाकीचा ओटा ३५. चिरणं, भांडी घासणं माझ्याकडे, ते उंच भागावर. पोळ्या सासूबाई बसूनच लाटणार, भाजायला तेवढ्या उभ्या राहणार. पाटा-वरवंटा जमिनीवरच, त्याची जागा कुणी मागायची नाही.

"तिसाच्या खाली सिलिंडर अडेल," मिस्त्रींनी लगेच सांगितलं. कडप्प्याची जाडी गेली की वर रेग्युलेटरला हात जायला जागा उरत नाही. म्हणून १४.२ किलोची टाकी शेजारच्या उंच भागाखाली, उभीच ठेवायची. अशा बारीकसारीक गोष्टींसाठी मिस्त्रींशी भांडावं आणि मग त्यांचंच ऐकावं.

अकराला पाण्याची नळी धरून दोन्ही पातळ्या भिंतीवर आल्या, छिन्नीने खाचा पडल्या आणि कडप्प्याचे उभे पाय त्यात बसू लागले. त्यावर आडवा कडप्पा, वर ग्रॅनाईट, सिंककडे किंचित उतार.

दीडला जेवण. भात माहेरच्या तांदळाचा. माझं माहेर राजनाल्याच्या पट्ट्यातलं. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर तिकडे उन्हाळी भात होतं. यंदाची पोती नेमकी घर फोडल्यावर आली आणि आता आमच्या पलंगाखाली आहेत.

तीन. सुतार फळ्यांची मापं घ्यायला आला. कर्जत-चौक रस्त्यावरच्या नितीन देसाईंच्या एन. डी. स्टुडिओत त्याने सेटवर काम केलंय, महालबिहाल उभे केलेत. "ते समोरूनच दिसायचे," तो हसून म्हणाला. आमच्या फळीवर पोतं चढणार हे त्याला दोनदा सांगितलं.

चार. भोकाचा प्रश्न. जुन्या घरात धुरासाठी कौलांपाशी फट असायची, कारण धूर वर जातो. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून टाकीच्या बाजूला बाहेरच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर वर एक भोक पाडलं. त्याला बारीक जाळी, कारण मागे शेत आहे आणि पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की साप घराकडे येतात. भोकाची कल्पना भाऊजींची, जाळीची सासूबाईंची. खिडकीवरचा छज्जा मात्र मी अर्धा फूट वाढवून घेतला. इथला जूनचा पाऊस तिरपा येतो, आणि जुन्या छज्ज्याखाली हळदीचा डबा दरवर्षी ओला व्हायचा.

सहाला थाप्या धुतल्या गेल्या. जाताना मिस्त्रींनी जाहीर केलं की उद्या आणि परवा काम नाही; घरात हळद आहे, दुसऱ्या दिवशी लग्न. मे महिन्यात रायगडात गवंडी धरायचा म्हणजे हे धरूनच चालायचं. भाऊजी वैतागले, त्यांची रजा मोजकी.

"बरंच झालं," सासूबाई म्हणाल्या, "माल ओला आहे, त्याला तेवढीच उसंत."

नऊला भाऊजींनी ऑफिसात फोन लावून रजा वाढवून घेतली. सकाळ-संध्याकाळ ओट्याच्या पायांना पाणी मारायचं काम त्यांच्याकडे आलं. उरलेल्या वेळात पोती पलंगाखालून काढून माळ्यावर चढवायची, हेही मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं.