एका अक्षराची जुळी कोकरं

छत्रपती संभाजीनगरजवळ पडेगावला महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. मेंढपाळांना जातिवंत जनावरं मिळावीत म्हणून अशी प्रक्षेत्रं चालतात. पण दख्खनी जातीच्या मेंढीचा नर कितीही पारखून घेतला, तरी त्याच्या लेकी बहुधा एका वेताला एकच कोकरू देतात. जाड्याभरड्या लोकरीला भाव उरलेला नाही. धनगराचं घर चालतं ते कोकरं विकून. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990च्या दशकात नेमकं हेच दुखणं हाती घेतलं.

उपाय सुंदरबनात होता. तिथली गारोळ मेंढी अंगाने इवलीशी, पण जुळी-तिळी सर्रास देणारी. यामागचा ‘फेकबी’ हा जनुकबदल 2001 मध्ये उलगडला: बीएमपीआर-1बी या जनुकात डीएनएच्या ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘जी’, एवढाच फरक. त्यामुळे बीजपुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजात एकाहून जास्त बीजं सुटतात.

एका अक्षराने शरीर किती बदलतं, याचा प्रसिद्ध दाखला उंदराचा आहे. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत 1949 मध्ये सापडलेल्या लठ्ठ उंदरांत लेप्टिनचा जनुक असाच बिघडलेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. वजन तिपटीवर जातं, थंडी सोसत नाही, प्रजननही थांबतं. मात्र त्यासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. मेंढीला जुळ्यांसाठी बदललेली एक प्रत पुरते.

फलटणला गारोळचा हा गुण हवा होता, तिचा खुजेपणा नको. म्हणून संकरित जनावरांचा दख्खनीशी पुन्हा संकर करत गेले. गुण कोणात उतरला, हे दिसून कळत नाही. रक्त तपासावं लागतं. डीएनएचा ठरावीक तुकडा विकराने कापला की साध्या मेंढीत तो 190 अक्षरांचा राहतो, दोन प्रतींच्या मेंढीत 160चा होतो, एक प्रत असेल तर दोन्ही पट्टे उमटतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची या कामात साथ होती. तयार झालेल्या वाणाचं नाव ‘नारी सुवर्णा’.

मला यातलं मोलाचं वाटतं ते पुढचं काम. संस्थेच्या चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी ही मेंढी धनगरांच्या वाड्यावर नेऊन पाहिली. जुळी कोकरं जन्मतः हलकी असतात, आईचं दूध वाटून घेतात. मेंढीला खुराक नसेल तर दुसरं कोकरू हातचं जातं. एका प्रतीची मेंढी वेताला सरासरी दीडेक कोकरू देते, आणि चरणाऱ्या कळपाला हेच प्रमाण झेपतं. दोन्ही प्रती असलेला एक नर कळपात सोडला, की त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत उतरते. त्या लेकींचं रक्त तपासायची मग गरज राहत नाही.