डीजेची फर्माईश आता मोबाईलवर; रेंज नसली तरी चालणारी यादी स्वतःच्या लॅपटॉपवर अशी बसवा

वडगाव मावळ : लग्नसराईत हळदीच्या रात्री डीजेच्या टेबलाभोवती काय गर्दी होते, हे मावळात कुणाला सांगायला नको. नवरदेवाच्या मित्रांना एक गाणं हवं असतं, मामाकडच्यांना दुसरं. कार्ल्याच्या एकवीरा आईचं गाणं लागल्याशिवाय आगरी-कोळी पाहुण्यांचं मन भरत नाही. कुणी चिठ्ठी देतं, कुणी कानात ओरडतं, कुणी थेट लॅपटॉपलाच हात घालतं. "आधी माझं लाव" यावरून सुरू झालेली बाचाबाची कधी कधी हाणामारीपर्यंत जाते आणि सुपारी घेणारा डीजेवाला मधल्यामध्ये सापडतो.

यावर एक साधा उपाय आहे. पाहुण्यांनी मोबाईलवर क्यूआर कोड स्कॅन करायचा, यादीतून गाणं निवडायचं आणि ती फर्माईश डीजेच्या स्क्रीनवर रांगेत दिसायची. यासाठी मोठा खर्च लागत नाही, महिन्याचं भाडं नाही आणि इंटरनेटही लागत नाही.

आधी वेळेचा हिशेब

ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. सायंकाळी ७ वाजता सुरुवात केली तर हातात १८० मिनिटं राहतात. एका गाण्याला ४ मिनिटं धरली तर ४५ गाणी होतात. डीजेने गाणी कापून अडीच मिनिटांवर आणली तरी ७२. मांडवात ३०० माणसं असतील तर प्रत्येकाचं गाणं लागणं शक्यच नाही. म्हणजे खरा प्रश्न कुठली ४५ गाणी लावायची हा आहे. रांग सगळ्यांना दिसली, तर "माझं मुद्दाम टाळलं" ही तक्रार बरीचशी कमी होते.

तयार ॲप असताना स्वतःचं कशाला?

तयार सोयी आहेत. डीजे लोक वापरतात त्या 'व्हर्च्युअल डीजे'मध्येच 'आस्क द डीजे' नावाची सोय आहे. गुगल फॉर्मचा क्यूआर लावूनही काम भागतं. जिथे रेंज चांगली आहे तिथे हे खुशाल वापरा. पण या दोन्हीला डीजेकडे आणि पाहुण्यांकडे इंटरनेट लागतं. नाणे मावळ, आंदर मावळ किंवा पवनेच्या काठावरच्या गावांत डोंगराआड रेंज कधी येते, कधी जाते. त्यात एकाच मांडवात शेकडो फोन आले की असलेली रेंजही मंदावते.

यादी स्वतःच्या लॅपटॉपवर असली की पाहुण्याचा फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर बोलतात. बाहेरच्या टॉवरचा संबंधच येत नाही. शिवाय कुणाचं नाव किंवा नंबर बाहेरच्या कंपनीकडे जात नाही.

काय काय लागतं?

• डीजेचा नेहमीचा लॅपटॉप. काम इतकं हलकं आहे की गाणी वाजवतानाही त्याच लॅपटॉपवर चालतं.
• घरात पडून असलेला जुना वायफाय राउटर. त्याला इंटरनेटची वायर जोडायची गरज नाही, फक्त वीज हवी.
• राउटर आणि लॅपटॉप जोडायला एक लॅन केबल.
• दोन क्यूआर कोडची छापील पाटी.

राउटर नसेल तर विंडोजचा मोबाईल हॉटस्पॉट चालू शकतो. पण त्यावर एका वेळी ८ च फोन जोडता येतात. घरगुती कार्यक्रमाला ठीक, लग्नाला नाही.

बसवायचं कसं?

१) घरी इंटरनेट असताना लॅपटॉपवर 'पायथन' टाका. ते मोफत आहे. टाकताना 'पाथ'च्या चौकोनात टिक करायला विसरू नका. मग त्यातूनच 'फ्लास्क' आणि 'वेट्रेस' ही दोन छोटी पॅकेजं घ्या. फ्लास्क वेबपान बनवतं, वेट्रेस ते सगळ्या फोनना पुरवतं. फर्माईशी साठवायला 'एसक्यूलाइट' लागतं, ते पायथनसोबतच येतं.

२) आता छोटा प्रोग्राम. त्यात दोनच पानं हवीत. एक पाहुण्यांसाठी, जिथे गाणं शोधून 'पाठवा' दाबायचं. दुसरं डीजेसाठी, पासवर्ड लावलेलं, जिथे रांग दिसते आणि 'लावलं', 'नको' अशी बटणं असतात. तळेगाव, लोणावळ्यात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. कॉम्प्युटर शिकणाऱ्या गावातल्या मुलाला किंवा मुलीला हे काम अवघड नाही. त्यांच्या कामाचे पैसे मात्र ठरवून द्या.

३) लॅपटॉपवरच्या गाण्यांच्या फोल्डरमधून नावांची यादी प्रोग्रामला द्या. पाहुण्यांना मोकळं लिहायला देऊ नका. 'सैराट'मधलं 'झिंगाट' कुणी मराठीत लिहितं, कुणी इंग्रजीत तीन वेगळ्या स्पेलिंगनी. मग एकाच गाण्याच्या चार ओळी होतात. यादीतून निवडायला लावलं की हा घोळ होत नाही आणि जे गाणं जवळ नाही ते कुणी मागतही नाही.

४) प्रोग्राम चालू करताना पत्ता ०.०.०.० असा द्या. हे राहिलं तर पान फक्त त्याच लॅपटॉपवर उघडू शकतं, पाहुण्यांच्या फोनवर नाही. टाइप करताना आकडे इंग्रजीच घ्यायचे. विंडोजची फायरवॉल परवानगी विचारेल, तिथे 'प्रायव्हेट नेटवर्क'ला होकार द्या.

५) राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून लॅपटॉपचा पत्ता कायमचा ठरवून टाका. नाहीतर पुढच्या सुपारीला पत्ता बदलतो आणि छापलेली पाटी वाया जाते.

६) दोन क्यूआर छापा. पहिला वायफायला जोडणारा. तो फोनच्या वायफाय सेटिंगमधल्या 'शेअर'मधून मिळतो. दुसरा पान उघडणारा. पाटीवर मोठ्या अक्षरात '१' आणि '२' लिहा.

हमखास येणाऱ्या अडचणी

पान उघडतच नाही : या वायफायला इंटरनेट नसल्यामुळे फोन "नेट नाही, तरी जोडून ठेवू का?" असं विचारतो. तिथे 'होय' दाबायचं. काही फोन न विचारताच मोबाईल डेटावर जातात. अशा वेळी डेटा मिनिटभर बंद करायचा. ही सूचना पाटीवरच छापा.

वायफाय जोडलं, तरी पान दिसत नाही : राउटरचं 'गेस्ट नेटवर्क' वापरलेलं असू शकतं. त्यात आणि 'एपी आयसोलेशन' चालू असताना फोनला लॅपटॉप दिसत नाही. साधं नेटवर्क वापरा आणि आयसोलेशन बंद करा.

फोन जास्त झाले : घरगुती राउटर शेकडो फोन एकदम पेलत नाही. "फर्माईश टाकली की वायफाय बंद करा" अशी विनंती पाटीवर लिहा. गाणं रांगेत राहतंच.

'सुरक्षित नाही' असं दिसतं : पान साध्या पद्धतीने चालतं म्हणून ब्राउझर हा इशारा देतो. म्हणूनच या पानावर पैसे किंवा ओटीपी कधीच मागू नका. पाहुण्यांनीही असल्या पानावर ही माहिती देऊ नये. बक्षिसी द्यायची असेल तर ती हातात द्यावी.

भांडण टाळायचं तर हे नियम ठेवा

मोबाईल नंबर मागू नका. मांडवात मुली-बायकांचे नंबर गोळा करणारं पान ठेवणं धोक्याचं आहे आणि गाणं लावायला नंबर लागतही नाही. नाव हवंच असेल तर ते ऐच्छिक ठेवा.

पाहुण्यांचा मजकूर थेट एलईडी स्क्रीनवर दाखवू नका. "अमुक हिच्यासाठी" असं कुणाचं नाव टाकून खोडी काढणारे प्रत्येक गावात असतात. डीजेने 'ठीक' म्हटल्याशिवाय स्क्रीनवर काहीही जायला नको.

एका फोनवरून १० मिनिटांत एकच फर्माईश घ्या. तेच गाणं दुसऱ्याने मागितलं तर नवी ओळ न करता त्याच गाण्याला एक मत वाढवा.

एखाद्या समाजाला, गावाला किंवा पक्षाला डिवचणारी गाणी यादीत मुळात ठेवूच नका. यजमानांशी ही यादी आधीच बोलून घ्या. यादी रांग लावते, पण काय वाजवायचं हा निर्णय डीजेचा आणि यजमानाचाच राहतो.

साडेनऊला फर्माईश आपोआप बंद होईल अशी वेळ प्रोग्राममध्येच टाका. "आता पानच बंद झालंय" हे सांगणं डीजेला सोपं जातं. १० वाजता "एकच शेवटचं" म्हणणाऱ्यांशी वाद घालावा लागत नाही.

कायद्याचं काय?

स्पीकरला लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. सण-उत्सवासाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सरकारी आदेशाने ठरतात. घरचं लग्न आहे म्हणून सूट मिळत नाही.

गाण्यांच्या हक्काचा मुद्दा वेगळा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सवलत आहे. लोणावळ्यातल्या हॉटेलची ३१ डिसेंबरची पार्टी किंवा पवनेकाठच्या कॅम्पची तिकीट लावलेली म्युझिक नाइट त्यात येत नाही. तिथे आयोजकाला हक्कधारकांचा परवाना घ्यावा लागतो. फर्माईशीचं सॉफ्टवेअर बसवलं म्हणून तो परवाना मिळत नाही.

बंगल्यावर कराओके असेल तर

लोणावळ्याच्या बंगल्यांवर छोट्या ग्रुपला कराओके हवा असतो. त्यासाठी 'पायकराओके' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. टीव्हीवर क्यूआर दिसतो आणि पाहुणे फोनवरून गाणं रांगेत टाकतात. ते 'रास्पबेरी पाय' या छोट्या कॉम्प्युटरवर किंवा लॅपटॉपवर चालतं. मात्र नवी गाणी ते यूट्यूबवरून घेतं, त्यामुळे तिथे इंटरनेट हवं.

पहिल्या सुपारीआधी

घरी राउटर लावून चार वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन जोडून बघा. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केल्यावर पान उघडतं का, रांगेतली गाणी टिकतात का, हे तपासा. राउटरला जनरेटरवरून वीज देणार असाल तर तो बंद-चालू झाल्यावर वायफाय परत यायला किती वेळ लागतो तेही पाहा. पहिल्या कार्यक्रमात चिठ्ठ्यांचा डबाही सोबत असू द्या. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्या आजी-आजोबांचं गाणंही रांगेत यायला हवं. ती चिठ्ठी आली की डीजेने स्वतः यादीत टाकायची.