ऋतुकालाचें गणित

लग्नाला दोन वर्षें होऊनहि ज्या घरांत पाळणा हललेला नाहीं, त्या घरांत कुजबूज सुरू होते ती सुनेविषयीं. उपासतापास, नवससायास सर्व कांहीं होतें. मात्र गर्भधारणा महिन्यांतील कोणत्या दिवसांत संभवते, हें त्या पति-पत्नींना कोणीच सांगितलेलें नसतें. वडील मंडळींना संकोच वाटतो आणि तरुण मंडळी ऐकीव माहितीवर विसंबतात. म्हणून हा विषय येथें सभ्य पण स्पष्ट शब्दांत मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

ऋतुकालाची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मनुस्मृतींत रजोदर्शनापासून सोळा रात्री हा स्त्रियांचा ऋतुकाल सांगितला आहे. महिन्यांतील कांहीं दिवसच गर्भधारणेस अनुकूल असतात, एवढी दृष्टि त्यांत आहे व ती योग्यच आहे. परंतु ते दिवस नेमके कोणते, याचा उलगडा विसाव्या शतकांत झाला. जपानमधील डॉ. क्यूसाकु ओगिनो यांनीं १९२४ सालीं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियांतील डॉ. हेर्मान क्नाउस यांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें कीं, स्त्रीबीज अंडाशयांतून बाहेर पडण्याचा दिवस गेल्या पाळीपासून पुढें न मोजतां येणाऱ्या पाळीपासून मागें मोजला पाहिजे.

याचें कारण असें : बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुधा १२ ते १६ दिवसांचा असतो. लांबतो किंवा आखडतो तो मुख्यतः त्यापूर्वींचा काळ. म्हणून जिची पाळी २८ दिवसांनीं येते तिचें बीज सुमारें १४ व्या दिवशीं सुटतें. २४ दिवसांनीं येणारीचें १० व्या, आणि ३५ दिवसांनीं येणारीचें २१ व्या दिवशीं. सुटलेलें बीज फार तर एक दिवस टिकतें. पुरुषाचे शुक्रजंतु मात्र पांच दिवसांपर्यंत जिवंत राहूं शकतात. तेव्हां बीज सुटण्याचा दिवस व त्याआधींचे पांच, असे सहाच दिवस काय ते अनुकूल. ३५ दिवसांच्या पाळींत ते सोळाव्यापासून एकविसाव्यापर्यंत येतात. सोळा रात्रींचाच हिशेब धरणाऱ्या दांपत्याचे हे दिवस बहुतेक हातचे जातात, आणि दोष येतो सुनेच्या कपाळीं !

हे दिवस ओळखण्याच्या खुणाहि आहेत. त्या सुमारास योनिमार्गांतील स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, पारदर्शक व तार धरणारा होतो. सकाळीं अंथरूण सोडण्यापूर्वीं घेतलेलें शरीराचें उष्णतामान बीज सुटल्यावर ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसनें चढतें. मात्र ही खूण मागाहून कळते, म्हणून कांहीं महिने टांचण ठेवावें लागतें. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या पट्टीनें लघवी तपासल्यास बीज दीड-एक दिवसांत सुटणार, अशी आगाऊ सूचना मिळते.

सम रात्रीं पुत्र व विषम रात्रीं कन्या, या समजुतीस मात्र कांहींहि आधार नाहीं. अपत्याचें लिंग पित्याच्या बीजावरून ठरतें. तसेंच, पाळी मागेंपुढें होत असल्यानें गर्भ टाळण्यासाठीं केवळ तारखांच्या गणितावर विसंबूं नये. एकवीस दिवसांच्या आंत किंवा पस्तीस दिवसांपलीकडे वारंवार पाळी येत असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. वर्षभर प्रयत्न करूनहि दिवस न राहिल्यास, आणि स्त्रीचें वय पस्तिसांवर असल्यास सहा महिन्यांनींच, दोघांचीहि तपासणी करावी. पुरुषाची पहिली तपासणी तर अगदींच सोपी असते; आणि कारण पुष्कळदां अंशतः वा सर्वस्वीं त्याच्याकडेच निघतें.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंती. नेमक्या त्याच आठवड्यांत सून सणासाठीं माहेरीं, किंवा मुलगा फिरतीवर, असें घडत नाहीं ना, हें त्या दोघांचें त्यांना ठरवूं द्यावें. तिच्या तारखांची चौकशी माजघरांत होऊं नये. सुनेला प्रश्न विचारण्यापूर्वीं त्या जोडप्यास एकांत द्यावा, आणि मुलाला डॉक्टरांकडे जाण्याचें धैर्य द्यावें. नवसाइतकेंच हेंहि आपल्या हातचें आहे.