फोटोचा कॅमेरा शूटिंगला का रुसतो?

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या विंगमध्ये एकच प्रश्न, "शूटिंग कोण करणार?" मोबाइलने मागच्या रांगेतून झूम केलं की चेहरे पुसट येतात. म्हणून फोटोग्राफी क्लबचा जुना डिजिटल कॅमेरा बाहेर निघतो. गेल्या वर्षी आमच्या एकांकिकेत तो बाराव्या मिनिटाला आपोआप थांबला. हिरोचे आई-बाबा गावाहून येऊ शकले नव्हते. त्याचं शेवटचं स्वगत त्यांना दाखवायला आमच्याकडे नाही. शिव्या सगळ्यांनी घातल्या, कारण मात्र कुणी शोधलं नाही. ते मी शोधलं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या!)

पहिलं कारण फाइलचं. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट होतं. त्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिट असतात, त्यामुळे एक फाइल ४ जीबीच्या, म्हणजे सुमारे ४२९ कोटी बाइटच्या पुढे जातच नाही. रेकॉर्डिंग सेकंदाला ४८ मेगाबिट, म्हणजे ६० लाख बाइट धरा. भागाकार येतो ७१५ सेकंद, जेमतेम बारा मिनिटं! कार्डात जागा असली तरी जुना कॅमेरा तिथेच थांबतो. नवे बरेचसे कॅमेरे पुढची फाइल आपणहून सुरू करतात.

दुसरं कारण चक्क टॅक्सचं. सलग ३० मिनिटं शूट करणारा कॅमेरा युरोपियन युनियनमध्ये 'व्हिडिओ कॅमेरा' धरला जायचा आणि त्यावर आयात शुल्क लागायचं. म्हणून कंपन्यांनी २९ मिनिटं ५९ सेकंदांवर कुलूप लावलं. २०१५ च्या जागतिक व्यापार करारानंतर हे शुल्क टप्प्याटप्प्याने गेलं, पण जुन्या कॅमेऱ्यांतलं कुलूप तसंच राहिलं.

तिसरं, उष्णता. फोटो काढताना सेन्सरला क्षणभराचं काम, व्हिडिओत मात्र अखंड ड्यूटी. बंद बॉडीत पंखा नाही. फार तापला की कॅमेरा स्वतःच बंद होतो.

आता चित्रावरचे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो. काही ओळी उजेडात, काही अंधारात सापडतात. मेनूत एनटीएससीऐवजी पाल निवडा आणि शटर १/५० ठेवा, पट्टे बहुतेक जातात.

आवाजाचं म्हणाल तर कॅमेऱ्यातला माइक फोकसच्या मोटरची घरघर आधी ऐकतो, नट नंतर! फोकस मॅन्युअल ठेवा. एक मोबाइल स्टेजजवळ रेकॉर्डिंगला लावा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगमध्ये आवाज आणि चित्र जुळवता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डायरेक्टरकडून स्क्रिप्ट मागून घ्या. दर दहा मिनिटांच्या आत एखादा ब्लॅकआउट शोधून खूण करा, तिथे रेकॉर्डिंग थांबवून लगेच पुन्हा सुरू करा. रिहर्सल नटांनाच लागते असं थोडंच आहे?