आटलेली ओवी पुन्हा कशी येते?

राळेगणसिद्धीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

यंदाच्या संक्रांतीला आमची फजिती झाली. हळदीकुंकवाला आलेल्या सुना म्हणाल्या, "आजी, जात्यावरच्या ओव्या म्हणा की." आमच्या गटातल्या चौघी एकेकाळी पायलीभर दळण होईपर्यंत ओवीमागून ओवी म्हणायच्या. पण त्या दिवशी एकीलाही पहिल्या ओळीच्या पुढचं सुचेना. एक आजी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आटलं गं समदं."

आम्हाला वाईट वाटलं आणि भीतीही वाटली. चौघींनी सत्तरी ओलांडलीय. त्यांच्या ओव्यांत त्यांची आई आहे, सासर आहे, तरणाताठा गेलेला भाऊ आहे. हे कुठंच लिहिलेलं नाही.

आता आटणं म्हणजे काय, हे आमच्या गावाला सांगायला नको. पारनेर तालुका म्हणजे कमी पावसाचा भाग. 1975 साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले तेव्हा विहिरी कोरड्या होत्या. गावाला पाझर तलाव होता, पण त्याचा बांध गळका, पाणी थांबतच नव्हतं. गावानं श्रमदान करून तो बांध दुरुस्त केला आणि खालच्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिलं. विहिरी तिथंच होत्या, पाणी आलं ते वरच्या तलावातून मुरून.

आम्ही म्हटलं, ओवीचंही असंच असेल. मग ओवीचा तलाव कोणता, ते शोधायला बसलो.

आजींना विचारलं, तुम्ही ओव्या पाठ करत होता का? त्या हसल्या. ओवी कुणी पाठ करत नाही. पहिल्या ओळीची सुरुवात ठरलेली असते, सगळ्या गावांत चालणारी. लेकीला मैना म्हणायचं, लेकाला राघू. मग आपलं दुःख, आपल्या माणसाचं नाव, आपल्या गावाची वाट त्यात बसवायची. दुसऱ्या ओळीला यमक जुळलं की ओवी झाली. ते जुळवायला उसंत कुठून मिळायची? जात्याच्या फेऱ्यातून. एका हातात खुंटा, दुसऱ्या हातानं मूठभर वैरण घालायची. हात चालू, मन मोकळं. समोर जाऊ नाही तर नणंद बसलेली. एकीचं अडलं की दुसरीनं ओळ उचलायची. वेळ पहाटेची, ऐकायला पुरुषमाणूस नाही. जे दिवसा बोलता येत नव्हतं, ते तिथं गाता यायचं.

विजेची गिरणी आली आणि पहाटेचे कष्ट वाचले. ते बरंच झालं, पुन्हा जात्याला जुंपून घ्या असं आम्ही मुळीच सांगत नाही. पण जात्याबरोबर ती वेळ, ती सोबत, ती आडोशाची जागासुद्धा गेली. बांध फुटला तो तिथं.

ओवी मात्र लवकर मरत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन ओव्या गोळा केल्या. तोवर बऱ्याच गावांत गिरण्या आल्या होत्या. तरी एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. 2017 पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात. बायांना कुणी विचारलं, शेजारी बसून ऐकलं, म्हणून त्या निघाल्या.

मग आम्ही काय केलं? एका घरी जातं कोपऱ्यात पडून होतं. दगड गुळगुळीत झाले होते, त्यांना टाकी लावून घेतली. दर शनिवारी हप्त्याची बैठक उरकली की तासभर बसायचं ठरवलं. पहिल्या शनिवारी नुसता घरघर आवाज. दुसऱ्या शनिवारी एक आजी गुणगुणल्या, आणि चूक आमच्याकडूनच झाली. आमच्यातली एक शिकलेली मध्येच म्हणाली, "आजी, तो शब्द असा नाही." आजी गप्प झाल्या त्या महिनाभर. तेव्हापासून नियम केला: दळताना कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही.

पुढं आमच्या ध्यानात आलेल्या गोष्टी सांगतो.

एक, "म्हणून दाखवा" असं म्हणायचं नाही. हाताला काम द्यायचं. जातं नसेल तर गोधडी शिवा, शेवया करा, धान्य निवडा. एकाच चालीचं काम असलं की झालं.

दोन, दोघी-तिघींनी बसायचं. अर्धी ओवी सुचली तर तशीच सोडायची, दुसरी पुरी करेल.

तीन, वार ठरवायचा आणि काही सुचलं नाही तरी तो मोडायचा नाही. बांध घातला त्याच दिवशी विहीर भरत नसते.

चार, आजीची परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज भरून घ्यायचा आणि मग वहीत तिच्याच शब्दांत उतरवायचा. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून त्या गेल्यानंतर, 1952 साली, त्यांचं पुस्तक निघालं.

आज आमच्या वहीत 63 ओव्या आहेत. सगळं परत आलं असं नाही. चौघींतल्या एक आजी अजून गात नाहीत, नुसतं वैरण घालतात. आम्ही त्यांना आग्रह करत नाही. पण संक्रांतीला रडलेल्या आजींनी परवा एक ओवी म्हटली ती जुनी नव्हतीच. तिच्यात सकाळच्या एसटीनं कॉलेजला जाणारी त्यांची नात होती. ओवी झाली आणि आजी स्वतःच म्हणाल्या, "ही कुठून आली गं बाई?"

तुमच्या गटात अशी एखादी आजी असेल, तर येत्या बैठकीला हप्ते झाले की लगेच उठू नका. थोडं दळण, थोडं निवडण काढा आणि तिच्या शेजारी बसा. रामराम.