प्लगची साक्ष

गाडी ‘मिसिंग’ मारू लागली की पहिला आरोप प्लगवर येतो. जुना प्लग काढून भंगाराच्या डब्यात टाकायचा, नवा बसवायचा; गाडी नीट चालली तर ठीक, नाही तर मग कॉईल बदलायची, तीही नाही तर आणखी काही, असा शिरस्ता सगळीकडेच पडला आहे. वास्तविक प्लग हा बहुधा गुन्हेगार नसतो, साक्षीदार असतो. जळत्या सिलिंडरच्या आत तोंड घालून बसलेला आणि एका पान्याने बाहेर काढता येणारा साक्षीदार तेवढाच. आणि आपण त्याची जबानी न घेताच त्याला घालवून देतो.

या विषयावर आम्ही बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नाही. गॅरेजमधील कामगारांच्या पगारकपातीच्या तक्रारी हाताळता हाताळता आम्हाला प्लग वाचणे भाग पडले, इतकेच. अशा तक्रारींपैकी एक पुढे सांगणार आहोत.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की वेगवान गाडीचा प्लग अधिक नाजूक का. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. २०१३ साली चाकणहून बाजारात आलेल्या पोलो जीटी टीएसआयचे इंजिन १२०० च्या आतलेच, पण ताकद १०५. भांडे जवळजवळ तेवढेच, काम अडीचपट. हे टर्बोमुळे साधते. टर्बो हवा आधीच दाबून सिलिंडरात कोंबतो. आता गंमत अशी की हवा जितकी दाबलेली, तितके तिच्यातून ठिणगी पाडायला विजेचे व्होल्ट जास्त लागतात. दहा हजारांवरून ही मागणी तीस हजारांच्या घरात जाते. म्हणून टर्बोच्या इंजिनात प्लगची फट कमी ठेवतात. सहा हजार फेऱ्यांवर प्रत्येक प्लग सेकंदाला पन्नास ठिणग्या टाकतो, आणि दर ठिणगीला टोकाची धातू कणाकणाने झिजते. फट किंचित वाढली तरी पद्मिनीला जे कळलेही नसते ते इथे लगेच जाणवते.

म्हणून मेस्त्रीने पाना हातात घेण्यापूर्वी मालकाला एकच विचारावे: मिसिंग केव्हा होते? भूगावच्या तळ्याजवळून जाताना गाडी मऊ चालते, आणि पिरंगुटच्या घाटात पाय दाबला की धक्के खाते, असे उत्तर आले तर दोष बहुधा जास्त व्होल्टच्या मागणीत आहे. फट वाढली असेल, कॉईल दुबळी झाली असेल, किंवा प्लगची चिनी माती तडकून वीज वाटेतच पळत असेल. उलट सकाळी थंड गाडी थरथरते आणि रस्त्याला लागल्यावर सुधारते, असे असेल तर काजळीचा संशय घ्यावा. काजळी विजेला वाट देते; ठिणगी फटीत न पडता काजळीवरून निसटते. प्लगचे टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर तापले की काजळी जळून ते आपोआप साफ होते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते तेवढे तापतच नाही. अशा गाडीला नव्या प्लगपेक्षा ताम्हिणीपर्यंतची एक फेरी स्वस्त पडते.

हल्लीच्या गाडीचा संगणक कोणता सिलिंडर चुकतो ते आकड्यात सांगतो. पी ०३०१ म्हणजे पहिला, पी ०३०३ म्हणजे तिसरा. पण तो ‘कुठे’ एवढेच सांगतो, ‘का’ सांगत नाही. मग पहिल्याची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर चढवावी. दोष कॉईलबरोबर तिसऱ्यावर गेला तर कॉईल खराब. जागेवर राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करावी. तोही जागेवर राहिला तर इंजेक्टर, वॉल्व्ह, रिंगा यांच्याकडे वळावे आणि कॉम्प्रेशन मोजावे. एका वेळी एकच वस्तू हलवायची, ही शिस्त मात्र पाळलीच पाहिजे. दोन्ही एकदम हलवल्या की काही सिद्ध होत नाही. शिवाय मिसिंग असलेली गाडी ‘चालतेय ना’ म्हणून पळवू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो वितळवते. त्याच्या किमतीत प्लगचे कितीतरी संच येतील.

आता ती तक्रार. पौड रस्त्यावरील एका गॅरेजात एका तरुण कामगाराने एका टर्बो गाडीचे चारही प्लग बदलले. काही दिवसांनी गाडी घाटात बंद पडली. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडले होते. प्लग नीट आवळला नाही, असा ठपका ठेवून त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने पैसे कापायचे ठरले. आरोप वरवर खोटा वाटत नव्हता. प्लग आपली उष्णता आट्यांतून आणि बैठकीच्या वायसरमधून हेडला देतो. तो ढिला राहिला तर ती वाट तुटते आणि टोक लालबुंद होते. आम्ही म्हटले, प्लग दाखवा. सुदैवाने ते अजून डब्यातच होते.

चौघांचीही चिनी माती पांढरीफटक, फोड आलेली. चौघांचेही वायसर नीट चेपलेले. इथेच निम्मा निकाल लागला. एकच प्लग वेगळा दिसला तर कारण त्या सिलिंडरात किंवा तो बसवणाऱ्या हातात शोधावे. चारही सारखे दिसले तर कारण चौघांना सामाईक असलेच पाहिजे. आवळण्यातली चूक चारही ठिकाणी तंतोतंत सारखी होत नाही, आणि चेपलेला वायसर तर ढिलाईच्या विरुद्धच बोलत होता. मग प्लगवरचा आकडा पाहिला. तो या इंजिनाला हव्या असलेल्या प्लगपेक्षा दोन पायऱ्या ‘गरम’ होता.

गरम आणि थंड म्हणजे ठिणगी गरम-थंड नव्हे. चिनी मातीचे नाक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत सावकाश पोचते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर लवकर पोचते, तो थंड. साधारण साडेआठशे अंशांच्या पुढे टोक गेले की ते स्वतःच निखारा होते आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवते. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाला की भोक पडायला वेळ लागत नाही. आता घोळ असा की एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशच्या सध्याच्या पद्धतीत आकडा मोठा तितका गरम. बॉशच्या जुन्या पद्धतीत हेही उलटे होते. दुकानदाराने ‘तोच नंबर’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा माल दिला आणि खरेदी करणाऱ्याने तो स्वस्त म्हणून उचलला. भरीला मालकाने गाडीचा संगणक ‘ट्यून’ करून टर्बोचा दाब वाढवून घेतला होता, म्हणजे तिला मुळापेक्षा थंड प्लग हवा होता. या साखळीत त्या पोराचा हात कुठेच नव्हता. नुकसान कामगाराच्याच हयगयीने झाले असेल तरच, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेऊनच पगार कापावा, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते राहिले आहे; पण कायद्याआधी त्या चार प्लगांनीच काम केले. कपात मागे घेतली गेली.

रंगाविषयी थोडे. जुने मेस्त्री ‘बिस्किटाचा रंग’ म्हणजे सगळे ठीक, असे शिकवत. पेट्रोलातील शिसे २००० साली देशभर गेले, आणि आता निरोगी प्लगही फिकाच दिसतो. फिका म्हणजे तापलेला असे समजू नये. फोड, चकाकी आणि वितळलेली टोके पाहावीत. मिरपुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर ठोके पडताहेत. चंदेरी ठिपके म्हणजे पिस्टनचेच ॲल्युमिनियम. ओली काळी तकाकी म्हणजे ऑईल चढते आहे. बाहेरच्या पांढऱ्या अंगावर उभी काळी रेघ असेल तर वीज बाहेरून पळते आहे; अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही, कारण कॉईलच्या रबरी टोपीच्या आतही तशीच रेघ असते. पावसाळ्यात किंवा जोराच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर प्लगच्या खोबणीत पाणी साठते, तेव्हा हे फार होते. षटकोनाच्या वर तपकिरी कडे दिसले तर मात्र घाबरू नये; विजेच्या ओढीने चिकटलेले ते ऑईलचे कण असतात. त्या कड्यापायी चांगले प्लग फेकलेले आम्ही पाहिले आहेत.

जबानी घेण्याचीही वेळ असते. गाडी घाट चढून आल्यावर बंद करावी, दारात दहा मिनिटे चालू ठेवू नये. नाही तर घाटाची खूण त्या दहा मिनिटांच्या काजळीखाली जाते. प्लग काढायचे ते इंजिन थंड झाल्यावर, नाही तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात. खोबणीतली धूळ आधी हवेने उडवावी. इरिडियमच्या बारीक टोकाला तारेचा ब्रश लावू नये. वायसरवाला नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा ते पाऊण फेरा द्यावा. टॉर्कचा पाना असेल तर कंपनीच्या पुस्तकातील मापाने. काढलेले प्लग अंड्यांच्या ट्रेमध्ये सिलिंडरच्या क्रमाने ठेवावेत, आणि गाडीचे किलोमीटर पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा बिल चुकते होईपर्यंत जपावा.