समुद्रावर रेघ कोणी ओढायची?

१९९६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या मन्रो काउंटीत, म्हणजे आपल्या हिशेबाने एका जिल्ह्यात, मतदारांना विचारण्यात आले: तुमच्या भोवतालच्या समुद्रात केंद्र सरकारचे सागरी अभयारण्य हवे का? ५५ टक्के मतदारांनी ‘नको’ असे सांगितले. मतदान बंधनकारक नव्हते, त्यामुळे अभयारण्य राहिले. पण लोकांचा कल लपून राहिला नाही. तसाही तो लपलेला नव्हताच. अभयारण्याचे प्रमुख बिली कॉझी यांच्या पुतळ्याला त्याआधीच जाहीर फाशी देऊन झाली होती.

यानंतर पाचच वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच अभयारण्यात सुमारे ५१८ चौरस किलोमीटर समुद्रात मासेमारी पूर्णपणे बंद करण्यात आली. या वेळी पुतळे जळले नाहीत. बंदीची हद्द ज्या गटाने एकमताने ठरवून दिली, त्यात व्यावसायिक मच्छीमार बसले होते.

मधल्या पाच वर्षांत काय बदलले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण समुद्र राखायचा म्हटले की जगभर पहिला खटका उडतो तो त्यावर पोट असणाऱ्यांशीच. आपल्याकडे मालवणला तो १९८७ पासून उडतो आहे.

फ्लोरिडा कीज ही राज्याच्या दक्षिण टोकापासून मेक्सिकोच्या आखाताच्या तोंडापर्यंत पसरलेली बेटांची माळ. तिच्या बाजूने प्रवाळांची रांग आहे. ४ ऑगस्ट १९८४ रोजी ‘वेलवुड’ नावाचे १२२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज या रांगेतल्या एका प्रवाळखडकावर चढले आणि शेकडो वर्षांत वाढलेली वस्ती त्याच्या बुडाखाली चिरडली गेली. १९८९ च्या शरदात तर तीन आठवड्यांच्या आत तीन जहाजे अशीच रुतली. किनाऱ्यालगत तेलविहिरी येणार, ही भीती होतीच. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, अमेरिकी संसदेने खास कायदा करून सुमारे साडेनऊ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर केले. मोठ्या जहाजांना दूर ठेवायचे आणि तेल काढू द्यायचे नाही, या दोन गोष्टींवर स्थानिकांचे फारसे दुमत नव्हते. वाद पेटला तो मासेमारीच्या बंदीवरून.

त्याच कायद्यात एक कलम होते: अभयारण्याचा आराखडा करताना स्थानिकांची सल्लागार परिषद नेमावी. तिची रचना आपल्याकडच्या समित्यांची सवय असलेल्या माणसाला जरा चक्रावून टाकते. जागा धंद्याप्रमाणे वाटलेल्या असतात. शेवंड आणि मासे पकडणाऱ्या व्यावसायिकांची एक खुर्ची, शोभेचे मासे पकडणाऱ्यांची वेगळी, गिऱ्हाइकांना बोटीतून गळ टाकायला नेणाऱ्यांची वेगळी, हौशी मच्छीमारांची आणखी वेगळी. पाणबुडे, पर्यटन व्यावसायिक, शिक्षक, संशोधक, पर्यावरणवादी, बुडालेल्या जहाजांच्या अवशेषांचे जाणकार, निवडून आलेला स्थानिक प्रतिनिधी आणि कोणत्याही धंद्याचे नसलेले साधे रहिवासी, असे साधारण वीस जण. पगार नाही. बैठका खुल्या आणि प्रत्येक बैठकीत बाहेरच्या माणसाला बोलण्यासाठी वेळ राखलेला. अधिकार मात्र फक्त सल्ल्याचा. नियम करायचा तो सरकारनेच.

नुसत्या सल्ल्याने काय होते, ही शंका रास्त आहे. पहिल्या फेरीत झालेही फारसे नाही. १९९५ च्या मसुद्यात संपूर्ण बंदीचे तीन मोठे पट्टे सुचवले होते. हजारो हरकती आल्या आणि १९९७ मध्ये प्रत्यक्षात आलेल्या आराखड्यात तीनपैकी एकच मोठा पट्टा उरला. बाकीचे छोटे छोटे तुकडे. सगळे मिळून बंदीचे क्षेत्र अभयारण्याच्या एक टक्काही भरले नाही. गळालेल्या पट्ट्यांत सर्वांत पश्चिमेचा, की वेस्टपासून सुमारे ११० किलोमीटरवरच्या ड्राय टोर्टुगास बेटांजवळचा होता. गंमत अशी की तो गळला हे बरेच झाले. नकाशावर ओढलेली ती हद्द मच्छीमारांच्या पोटावर पाय देत होती आणि तिथले काही उत्तम प्रवाळ मात्र हद्दीबाहेरच राहत होते.

दुसऱ्या फेरीत क्रम उलटा केला गेला. १९९८ मध्ये सल्लागार परिषदेच्या छत्राखाली २५ जणांचा एक कार्यगट नेमला. कोरा नकाशा समोर ठेवून सुरुवात झाली. कोळंबीवाले, शेवंडवाले, सुरमईच्या जातीचे मासे पकडणारे, पाणबुडे, संशोधक, संस्था आणि त्या पाण्यावर हक्क सांगणारी निरनिराळी सरकारी खाती, सगळे एका टेबलाभोवती. एका बाजूने संशोधकांनी तळाचा, प्रवाळांचा आणि प्रवाहांचा तपशील मांडला. दुसऱ्या बाजूने मच्छीमारांच्या मुलाखती घेऊन कोण कुठे, काय पकडतो आणि त्यातून किती मिळवतो याचे नकाशे केले गेले. हा दुसरा नकाशा माझ्या मते निर्णायक ठरला. मच्छीमार आपली जागा सहसा कुणाला सांगत नाही. ती सांगायची तर ऐकणाऱ्यावर काहीतरी भरवसा लागतो, आणि तो एका बैठकीत येत नाही.

गटाने मताधिक्याचा मार्ग टाळला, सर्वसंमती हीच अट ठेवली. मे १९९९ मध्ये ती झाली. एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा, असे दोन तुकडे राखायचे ठरले. सल्लागार परिषदेने शिफारस उचलून धरली आणि २००१ च्या जुलैत ती नियम म्हणून अमलात आली. शिफारस सरकारी कपाटात गेली असती तर पुढच्या वेळी कुणी टेबलाजवळ आले नसते, हेही इथे नोंदवायला हवे.

दक्षिणेच्या तुकड्यातच का, याचे उत्तर एका माशात आहे. इंग्रजीत त्याला ‘मटण स्नॅपर’ म्हणतात. आपल्या तांबोशीच्याच कुळातला, तिच्यासारखाच तांबूस आणि चवीला तसाच नावाजलेला. एरवी हे मासे दूरवर विखुरलेले असतात. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनच्या पौर्णिमेच्या आसपास, ते लांबून ठरावीक जागी जमतात, नर-मादी एकाच वेळी पाण्यात बीज आणि अंडी सोडतात आणि पांगतात. अशी एक जागा म्हणजे ‘रायलीज हम्प’, समुद्रतळावरचा उंचवटा, माथा सुमारे ३० मीटर खोलीवर. जागा ठरलेली, तिथी ठरलेली. माशासाठी हे सोयीचे, आणि जाळ्यासाठी त्याहून सोयीचे. मच्छीमारांनी ती जत्रा फार पूर्वी हेरली होती. काही हंगामांतच थवे इतके रोडावले की ही जत्रा संपलीच, असे मानले जाऊ लागले. मे-जूनपुरती हंगामी बंदी आधी घालून पाहिली होती. २००१ पासून ती बारमाही झाली.

जत्रेत पकडलेला मासा एरवी पकडलेल्या माशापेक्षा महाग का पडतो, तेही पाहू. माशाची लांबी दुप्पट झाली तर त्याचे वजन साधारण आठपट होते आणि अंडी अनेक जातींत त्याहूनही अधिक पटींनी वाढतात. जत्रेला येणारे मासे बहुतेक मोठे, पिकलेले. एक मोठी मादी गेली तर तिची जागा भरायला लहान माद्यांचा थवा लागतो. शिवाय टोर्टुगास प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे. तिथली अंडी आणि सुईएवढी पिल्ले पाण्याबरोबर काही आठवडे वाहत पूर्वेला कीजच्या दिशेने जातात. संशोधकांनी रायलीज हम्पवरून तरंगत्या कुप्या सोडल्या, तेव्हा त्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दूरवर सापडल्या. म्हणजे बंदीच्या हद्दीत जन्मलेला मासा हद्दीबाहेरच्या मच्छीमाराच्या गळाला लागू शकतो.

झालेही तसे. बंदीनंतरच्या पहिल्या पाहण्यांत पाणबुड्यांना तिथे एकटेदुकटे मासे दिसत. काही वर्षांत शेकड्यांचे थवे दिसू लागले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र आणि हवामान संस्थेने या क्षेत्राचा अहवाल प्रसिद्ध केला. मटण स्नॅपर आणि गोबऱ्याच्या जातीचे मासे संख्येने आणि आकाराने वाढले होते, जत्रा पुन्हा भरू लागली होती, परिसरातली व्यावसायिक पकड वाढली होती आणि मच्छीमारांना आर्थिक तोटा झाल्याचे आढळले नाही. हे यश सगळे बैठकांचे, असे म्हणता येणार नाही. माशांनी सभावृत्तांत वाचलेला नसतो. मात्र किनाऱ्यापासून ११० किलोमीटरवर प्रत्येक बोटीमागे पोलीस लावता येत नाही. तिथली बंदी टिकते ती बहुतेकांनी मनावर घेतली तरच.

कीजमध्ये लोकांना टेबलाशी बसवण्याचा आणखी एक परिणाम झाला, तो आरोग्याच्या अंगाने महत्त्वाचा. मासेमारी बंद करता, मग पाणी घाण करणाऱ्यांचे काय, असा प्रश्न येणारच होता. १९९० च्या त्याच कायद्यात पाण्याच्या गुणवत्तेचा कार्यक्रम होता आणि त्याच्या समितीतही स्थानिकांना जागा होती. बेटे सच्छिद्र चुनखडीची, आणि घरोघरी सेप्टिक टाक्या नाहीतर नुसतेच शोषखड्डे. शास्त्रज्ञांनी की लार्गो बेटावरच्या एका टाकीत माणसाला अपाय न करणारे विषाणू खूण म्हणून सोडले. ते ११ तासांत शेजारच्या कालव्यात आणि २३ तासांत समुद्रात पोहोचले. १९९५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सकाळी संडासात ओतलेले पाणी दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या जागी, हे कळल्यावर सांडपाण्याच्या नळांचा प्रश्न लोकांच्या गळी उतरवणे सोपे झाले. खर्च प्रचंड होता, तरी पुढच्या वीसेक वर्षांत बेटांवर बहुतेक ठिकाणी मलवाहिन्या आल्या.

या पद्धतीच्या मर्यादाही उघड आहेत. ती संथ आहे. २०११ मध्ये सुरू झालेला नियमांचा फेरविचार जानेवारी २०२५ मध्ये अंतिम झाला. आणि समुद्र तापतो त्याला परिषद काही करू शकत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात कीजच्या पाण्यात उष्णतेची लाट आली आणि सांबराच्या शिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ तिथे मोठ्या प्रमाणावर मेले. त्यांना हद्दीची रेघ वाचवू शकली नाही.

आता मालवणकडे. १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. फ्लोरिडाच्या तुलनेत हा रुमालाएवढा तुकडा. आत प्रवाळ, समुद्रशैवाल आणि समृद्ध खडकाळ तळ आहे. तिथल्या मच्छीमारांनी त्याला तेव्हापासून विरोध केला आणि अनेक दशके तो टिकवला. यावरून मालवणच्या गाबितांना समुद्र राखायचा नाही, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चुकेल. पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणे या किनाऱ्याच्या अंगवळणी पडलेले आहे. रापण ओढताना कोणी कुठे जाळे लावायचे आणि वाटणी कशी करायची, याचे नियम रापण संघांनी स्वतः केलेले आहेत. पर्ससीन जाळ्यांना आवर घाला म्हणून इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्यानंतर नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालावरून राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. म्हणजे बंदी मागणारे आणि बंदीला विरोध करणारे एकाच किनाऱ्यावरचे. फरक इतकाच की एक मागणी त्यांची स्वतःची होती, दुसरी रेघ त्यांच्यासाठी ओढून आली होती.

कायद्यात वाट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने आलेले कलम २६-अ म्हणते की समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी व्यवस्था आधी करावी. मालवणची घोषणा या दुरुस्तीच्या चार वर्षे आधीची. २००२ च्या दुरुस्तीने अभयारण्यांसाठी सल्लागार समितीही आली, कलम ३३-ब. तिचे काम सल्ला देण्याचे, आणि त्यात स्थानिकांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. अध्यक्ष वन खात्याचे, मग स्थानिक आमदार, पंचायत राज संस्थांचे तिघे, स्वयंसेवी संस्थांचे दोघे, वन्यजीव क्षेत्रातले तिघे, गृह खात्याचा एक आणि पशुवैद्यकीय खात्याचा एक. ही यादी जंगल डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, हे वाचताच कळते. गुरांना जंगलात रोग होतात, तेव्हा पशुवैद्य हवाच. मच्छीमार पंचायतीच्या वाटेने आत येऊ शकतो, पण मच्छीमार म्हणून त्याच्या नावाची खुर्ची त्या यादीत नाही. मत्स्यव्यवसाय खात्याचीही नाही.